शिंपिणीचा लाल दोरा

कृष्णाकाठच्या एका गावात एक खटपटघर होतं.

पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती. गिरणी बंद पडली. मग गावातल्या लोकांनी ती झाडली, पुसली. आत टेबलं मांडली. भिंतीवर हातोड्या टांगल्या. आता तिथे कुणीही यावं आणि काहीही करावं. जुन्या छत्रीचा दिवा करावा. मोडक्या पंख्याची पवनचक्की करावी. काही जमतं, काही जमत नाही. न जमलेलं कोपऱ्यात ठेवतात. कोपरा मोठा आहे.

खटपटघराला एक खिडकी होती. खिडकीबाहेर अंजिराचं झाड होतं. झाडावर एक शिंपीण राहायची.

शिंपीण म्हणजे पक्षी. एवढीशी. तुमच्या मुठीत मावेल, पण मुठीत धरायची नाही. पाठ हिरवी. डोकं तांबूस. शेपूट वर. चोच लांब आणि टोकदार. या चोचीने ती झाडाची पानं शिवते. पानांचं घर करते. तिला कुणी शिकवलं नाही. तिचं तिलाच येतं.

तर त्या दिवशी शिंपिणीच्या पोटात अंडं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडलं की अंडं येणार होतं. म्हणजे दिवस मावळायच्या आत घर हवं होतं.

तिने एक पान निवडलं. मोठं, रुंद. पानाच्या कडेला भोकं पाडली. टच टच टच. मग दोरा शोधला. फार शोधला. शेवटी एक लाल दोरा मिळाला. वीतभर लांब. बारीक, मऊ आणि घट्ट. तिने तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पान वळवायला गेली. दोरा धरून पान वळवता येत नाही. चोच एकच असते.

पान वळवून ती परत आली.

कट्टा होता. खिडकी होती. दोरा नव्हता.

झालं होतं असं. खटपटघराचा एक नियम होता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला. ज्यावर नावाची चिठ्ठी, ते त्याचं. ज्यावर चिठ्ठी नाही, ते सगळ्यांचं. या नियमामुळे तिथे भांडणं होत नसत. हातोड्यांवर चिठ्ठ्या होत्या. चहाच्या कपांवर चिठ्ठ्या होत्या. एका केळ्यावरसुद्धा चिठ्ठी होती. लाल दोऱ्यावर नव्हती. शिंपिणीला लिहिता येत नव्हतं. वाचताही येत नव्हतं.

शिंपीण खिडकीतून आत गेली. टुण टुण टुण, भुर्र.

आत उर्मिलाकाकू होत्या. त्या बाहुली करत होत्या. वरून दोऱ्या हलवल्या की खाली नाचते ना, तसली बाहुली. बाहुलीचा डावा हात पांढऱ्या दोऱ्याने बांधला होता. उजवा हात लाल दोऱ्याने. पांढरा दोरा मधेच संपला होता. काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कट्ट्यावर लाल दोरा दिसला. चिठ्ठी आहे का बघितलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. चिठ्ठी नव्हती. घेतला.

शिंपीण बाहुलीच्या डोक्यावर बसली. म्हणाली,

"काकू काकू, माझा दोरा द्या.
दोरा मिळाला की घर शिवीन.
घर शिवलं की अंडं घालीन.
अंडं काही थांबत नाही."

काकू म्हणाल्या, "देते की गं. पण दोरा काढला की बाहुलीचा हात पडंल. तारंची एक कडी आण. मग दोरा सोडते."

काकू वाईट नव्हत्या. कामात होत्या. कामातली माणसं 'पण' फार म्हणतात.

शिंपीण निघाली. टुण टुण टुण, भुर्र.

पलीकडे हणमंतअण्णा होते. त्यांच्याजवळ तारच तार. अण्णा तारेची कोंबडी करत होते. कोंबडीला तीन पाय झाले होते. अण्णा म्हणत होते, असू दे, पडायची तरी नाही.

शिंपीण तारेच्या भेंडोळ्यावर बसली. म्हणाली,

"अण्णा अण्णा, तारेची कडी द्या.
कडी मिळाली की काकू दोरा सोडतील.
दोरा मिळाला की घर शिवीन.
घर शिवलं की अंडं घालीन.
अंडं काही थांबत नाही."

अण्णा म्हणाले, "देतो की. त्यात काय. पण नुसत्या बोटांनी कडी वळत न्हाई. पक्कड लागते. पक्कड झुलेखाकडं हाय. ती आण. मग कडी वळतो."

पक्कड खरं तर अण्णांचीच. तिच्यावर अण्णांची चिठ्ठी होती. पण पक्कडीला तेल लागलं. तेलाने चिठ्ठी निघाली. चिठ्ठी गेली, मग पक्कडही गेली. नियम म्हणजे नियम.

शिंपीण निघाली. टुण टुण टुण, भुर्र.

झुलेखाताई सायकलवर बसल्या होत्या. सायकल कुठे जात नव्हती. ती ताकाची सायकल होती. पेडल मारायचं. चाक फिरायचं. चाकाला रवी जोडलेली. रवी फिरायची आणि खालच्या मडक्यात ताक घुसळायचं. घुसळ घुसळ, घुसळ घुसळ. ताईंना ताक आवडत नव्हतं. सायकल आवडत होती.

रवी चाकाला नीट बसली नव्हती. ताईंनी ती पक्कडीने आवळून ठेवली होती.

शिंपीण सायकलच्या घंटीवर बसली. म्हणाली,

"ताई ताई, पक्कड द्या.
पक्कड मिळाली की अण्णा कडी वळतील.
कडी मिळाली की काकू दोरा सोडतील.
दोरा मिळाला की घर शिवीन.
घर शिवलं की अंडं घालीन.
अंडं काही थांबत नाही."

ताई म्हणाल्या, "देते की. पण पक्कड काढली की रवी निसटंल. सगळं ताक माझ्या अंगावर. तिथं एक नट बसवायला पाहिजे. नट आण. मग पक्कड सोडते."

नटांचा एक डबा होता. डब्यात शंभर नट होते. ताईंनी शंभरही लावून पाहिले होते. काही मोठे होते. काही छोटे होते. एक बसला होता, पण तो नट नव्हता, बाटलीचं झाकण होतं. ते लगेच उडालं.

दुपार झाली. ऊन खिडकीतून आत आलं.

शिंपीण निघाली. टुण टुण टुण, भुर्र.

पुढे एक छापायचं यंत्र होतं. ते कागद छापत नाही. वस्तू छापतं. आधी प्लास्टिक वितळवतं. मग एक थर ठेवतं. त्यावर दुसरा थर ठेवतं. थरावर थर, थरावर थर, आणि वस्तू तयार. हळूहळू. फारच हळू. झुंई टक, झुंई टक.

हे यंत्र खटपटघरातल्या लोकांनी स्वतः जुळवलं होतं. म्हणून ते बोलायचं. दुकानातली यंत्रं बोलत नाहीत.

शिंपीण यंत्राच्या दांडीवर बसली. म्हणाली,

"यंत्रा यंत्रा, नट दे.
नट मिळाला की ताई पक्कड सोडतील.
पक्कड मिळाली की अण्णा कडी वळतील.
कडी मिळाली की काकू दोरा सोडतील.
दोरा मिळाला की घर शिवीन.
घर शिवलं की अंडं घालीन.
अंडं काही थांबत नाही."

यंत्र म्हणालं, "झुंई टक. देईन. पण माझ्याखालचं टेबल डुगडुगतं. नट वाकडा होईल. डुगडुग घालव. मग नट करीन."

यंत्राच्या शेजारी सकाळपासून केलेल्या वस्तू पडल्या होत्या. एक वाकडा चमचा. एक वाकडा कंगवा. एक वाकडा हत्ती. हत्ती तसाही बरा दिसत होता.

यावेळी शिंपिणीला लांब जावं लागलं नाही. ती नुसती खाली उतरली. टुण टुण.

टेबल उभं होतं. डुग डुग, डुग डुग. त्याला पाय चार. ते चार जणांनी केले होते, एकेकाने एकेक. तिघांनी पट्टीने मोजून केला. चौथा म्हणाला, मोजायचं काय त्यात, मला नजरेनेच कळतं. तेव्हापासून टेबल डुगडुगत होतं.

शिंपीण आखूड पायाजवळ बसली. म्हणाली,

"टेबला टेबला, डुगडुगू नको.
डुगडुग गेली की यंत्र नट करील.
नट मिळाला की ताई पक्कड सोडतील.
पक्कड मिळाली की अण्णा कडी वळतील.
कडी मिळाली की काकू दोरा सोडतील.
दोरा मिळाला की घर शिवीन.
घर शिवलं की अंडं घालीन.
अंडं काही थांबत नाही."

टेबल म्हणालं, "मला काय हौस आहे? डुग डुग. उभं राहीन. पण माझा हा पाय आखूड. पायाखाली पाचर हवी. पाचर आण. मग डुगडुग जाईल."

पाचर म्हणजे लाकडाचा चपटा तुकडा. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पायाखाली सारायचा. लोकांनी आधी कागदाच्या घड्या ठेवून पाहिल्या होत्या. टेबल हललं, घड्या पळाल्या.

ऊन जमिनीवर लांब पसरलं होतं. शिंपीण निघाली. टुण टुण टुण, भुर्र.

मागच्या खोलीत विश्रामतात्या होते. तात्या सुतार. पूर्वी गिरणीत एक मोठं चाक होतं. तात्यांनी त्या चाकाला पट्टा लावला आणि पट्ट्याला करवत जोडली. चाक फिरवलं की करवत चालायची. घर्र घर्र, घर्र घर्र. आज चाक गप्प होतं. तात्याही गप्प होते.

शिंपीण चाकावर बसली. म्हणाली,

"तात्या तात्या, पाचर द्या.
पाचर मिळाली की टेबलाची डुगडुग जाईल.
डुगडुग गेली की यंत्र नट करील.
नट मिळाला की ताई पक्कड सोडतील.
पक्कड मिळाली की अण्णा कडी वळतील.
कडी मिळाली की काकू दोरा सोडतील.
दोरा मिळाला की घर शिवीन.
घर शिवलं की अंडं घालीन.
अंडं काही थांबत नाही."

तात्या म्हणाले, "पाचर व्हय, आत्ता देतो. पण करवतीचा पट्टा तुटलाय. पट्टा लुकमानचाचाकडं पडलाय. तो शिवून आण. मग पाचर कापतो."

समोर भिंतीवर एक हातकरवत टांगली होती. चांगली धारदार होती. पाचरीला तेवढी पुरली असती. पण चाक केल्यापासून तात्या हातकरवतीकडे बघत नव्हते. आजही त्यांनी बघितलं नाही.

शिंपीण दमली होती. पोट जड झालं होतं. ऊन जमीन सोडून समोरच्या भिंतीवर चढलं होतं. तिला रडावंसं वाटलं. पक्ष्यांना रडता येत नाही. म्हणून ती थोडा वेळ नुसतीच बसली.

मग उठली. टुण... टुण... टुण... भुर्र.

दाराजवळ लुकमानचाचा बसले होते. चाचा चामड्याचं काम करायचे. चपला शिवायचे, पिशव्या शिवायचे, ढोलकीची वादी बांधायचे. त्यांच्या मांडीवर करवतीचा पट्टा होता. एका हातात मोठी सुई होती. दुसऱ्या हातात मेण लावलेला जाड दोरा होता.

शिंपीण चाचांच्या गुडघ्यावर बसली. एक श्वास घेतला. म्हणाली,

"चाचा चाचा, पट्टा शिवा.
पट्टा शिवला की तात्या पाचर कापतील.
पाचर मिळाली की टेबलाची डुगडुग जाईल.
डुगडुग गेली की यंत्र नट करील.
नट मिळाला की ताई पक्कड सोडतील.
पक्कड मिळाली की अण्णा कडी वळतील.
कडी मिळाली की काकू दोरा सोडतील.
दोरा मिळाला की घर शिवीन.
घर शिवलं की अंडं घालीन.
अंडं काही थांबत नाही."

चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "शिवतो की बेटा. सकाळपासनं शिवायलाच बसलोय. पण सुईत दोरा जात न्हाई. डोळ्यांना सुईचं भोक दिसत न्हाई."

चाचांनी दोरा ओला केला होता. दोरा पिळला होता. सुई उजेडात धरली होती. दोरा भोकाच्या इकडून जायचा, नाहीतर तिकडून जायचा. भोकातून जात नव्हता.

शिंपिणीने विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाही?

चाचा म्हणाले, "सगळी कामात हायत."

म्हणजे बघा. काकू अडल्या होत्या, अण्णा अडले होते, ताई अडल्या होत्या. यंत्र आणि टेबल अडलं होतं. तात्या तर गप्पच होते. सगळे सुईच्या एका भोकापाशी अडले होते आणि कुणाला ठाऊक नव्हतं. चाचा एकटेच तिथे बसून होते.

आता तुम्ही विचाराल, शिंपिणीने चाचांचाच दोरा का नाही घेतला? तिने पाहिला तो. जाड होता. मेणाचा होता. अंजिराचं पान त्याने फाटलं असतं.

पुढे जायला कुणी उरलं नव्हतं. शिंपिणीने सुईकडे पाहिलं. सुईला भोक होतं. भोकात दोरा घालायचा होता. शिंपिणीला हसू आलं असतं, पण वेळ नव्हता.

ती म्हणाली, "चाचा, सुई घट्ट धरा."

चाचांनी सुई घट्ट धरली. शिंपिणीने दोऱ्याचं टोक चोचीत घेतलं. मान वाकडी केली. एक डोळा मिटला. टच.

चुकलं. चाचांचा हात हलला होता.

चाचांनी श्वास रोखला. शिंपिणीने पुन्हा टोक घेतलं. पुन्हा मान वाकडी केली. टच.

दोरा भोकातून पलीकडे गेला. शिंपिणीने पलीकडून धरला आणि ओढला. सुळ्ळ.

चाचांनी शिंपिणीच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. अगदी हलकं. मग कामाला लागले.

चाचांनी पट्टा शिवला. खस खस, खस खस.

पट्टा तात्यांकडे गेला. तात्यांनी चाकावर चढवला. चाक फिरलं. घर्र घर्र, घर्र घर्र. पाचर कापली गेली. तात्या तीन पाचरी कापून मोकळे झाले. एकच हवी होती, पण चाक चांगलं चाललं होतं.

पाचर टेबलाकडे गेली. पायाखाली सारली. डुग. मग काहीच नाही. टेबल गप्प उभं राहिलं. त्याला स्वतःलाच जरा विचित्र वाटलं.

मग यंत्र सुरू झालं. झुंई टक, झुंई टक. एक थर झाला. शिंपिणीने भिंतीकडे पाहिलं. ऊन आणखी वर गेलं होतं. दुसरा थर झाला. ऊन तांबूस झालं. तिसरा थर झाला. शिंपीण दांडीवर इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. यंत्र म्हणालं, घाई केली की वाकडं होतं. चौथा थर झाला. पाचवा झाला. नट झाला. सरळ झाला. कोमट होता.

नट झुलेखाताईंकडे गेला. ताईंनी फिरवून बसवला. बरोबर बसला. रवी हलेना. ताईंनी पक्कड काढली.

पक्कड अण्णांकडे गेली. अण्णांनी तार धरली, वळवली, कापली. कट. कडी झाली. इवलीशी, गोल.

कडी काकूंकडे गेली. काकूंनी ती बाहुलीच्या उजव्या हाताला अडकवली. हात पडला नाही.

आता लाल दोरा सोडायचा होता. त्याला गाठ होती. घट्ट होती. काकूंनी कात्री उचलली. मग शिंपिणीकडे पाहिलं. दोऱ्याकडे पाहिलं. कात्रीने दोरा आखूड झाला असता. काकूंनी कात्री खाली ठेवली आणि नखाने गाठ सोडवायला बसल्या. गाठ सुटेना. काकूंनी चष्मा काढला. दोरा अगदी डोळ्यांजवळ धरला. पुन्हा नख लावलं.

गाठ सुटली.

काकू म्हणाल्या, "मला वाटलं, हा कुणाचाच न्हाई. चुकलं गं माझं."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. शिंपिणीने दोरा चोचीत घेतला. चोचीत दोरा असला की बोलता येत नाही. तिने मान हलवली आणि खिडकीतून बाहेर गेली. भुर्र.

अंजिराचं पान वाट बघत नव्हतं. पानं वाट बघत नाहीत. पण भोकं तशीच होती. शिंपिणीने दोरा एका भोकातून घातला, दुसऱ्या भोकातून काढला. टच, सुळ्ळ. टच, सुळ्ळ. पानाच्या दोन कडा जवळ आल्या. टच, सुळ्ळ. आणखी जवळ आल्या. आत कापूस घातला. काड्या घातल्या. मऊ केलं. दिवस मावळला तेव्हा शेवटचा टाका पडला.

खटपटघरातली माणसं दिवे बंद करून घरी गेली. शिंपीण पानात शिरली. पान थोडं हललं. मग हलायचं थांबलं.

सकाळ झाली.

काकू आल्या. अण्णा आले. ताई आल्या. तात्या आले. चाचा सगळ्यांत शेवटी आले, हळूहळू चालत. कुणी हातोडी उचलली नाही. कुणी पेडल मारलं नाही. सगळे पाय न वाजवता खिडकीशी गेले.

शिंपीण किडे टिपायला गेली होती. पान वरून उघडं होतं. आत एक अंडं होतं. निळसर पांढरं. त्यावर तांबडे ठिपके. चाचांना काही दिसेना. मग काकूंनी त्यांना हात धरून पुढे आणलं. अगदी जवळ. चाचांना अंडं दिसलं.

चाचा म्हणाले, "गरम असंल अजून."

कुणीच हात लावला नाही. सगळे कामाला गेले. ताईंनी ताक घुसळलं, तेही हळू.

बारा दिवस गेले. अंड्याला बारीक तडा गेला. आतून एक चोच बाहेर आली. चोच एवढीशी होती, आणि ती लगेच उघडली. तिला भूक लागली होती.

शिंपीण अळी शोधायला निघाली. टुण टुण टुण, भुर्र. यावेळी 'पण' म्हणायला वाटेत कुणी नव्हतं. ती गेली, अळी घेऊन आली आणि पिल्लाच्या चोचीत घातली. पिल्लाने गिळली. शिंपीण त्याच्याजवळ बसून राहिली. दोघांच्या भोवती पान होतं, आणि पानाला लाल टाके होते.

गोष्ट शिवून झाली. दोरा ओढला. गाठ मारली.